रुमालाखालचा भाव

माझी सून जळगावच्या एका कॉलेजात चित्रकला शिकवते. लग्न ठरत होतं तेव्हा मी तिला विचारलं होतं, "म्हणजे भिंती रंगवायला शिकवतेस का?" ती म्हणाली, "नाही, भिंतीकडे बघायला शिकवते." मी तिच्या बापाकडे पाहिलं. तो खाली मान घालून चहात बिस्कीट बुडवत होता. म्हटलं, ह्याला पोरीची खोड ठाऊक आहे आणि हा गप्प बसलाय. जनावराची खोड लपवून विकणारे मी पुष्कळ पाहिलेत. पण पोरगी मला आवडली होती, म्हणून मी पुढे चौकशी केली नाही.

माझा धंदा म्हशींचा. नवऱ्याने जाताना मागे एक भाकड म्हैस आणि एक सायकल ठेवली. सायकल दिराने नेली. उरलेल्या भाकड म्हशीपासून सुरुवात करून मी देवपुरात गोठा उभा केला, दुधाचं दुकान काढलं, मुलाला शिकवलं. आता गुडघे गेलेत म्हणून गल्ल्यावर बसते. हे मी फुशारकीसाठी सांगत नाही. बरं, थोडी फुशारकी आहेच. पण खरं कारण असं की मला म्हैस कळते. कास दाबून, सडांमधलं अंतर बघून, पोटाखालची दुधाची शीर चाचपून मी सांगू शकते की जनावर किती दूध देईल आणि मालक किती खोटं बोलतोय. एवढं कळत असूनही बाजारात माझा सौदा माझ्या हाताने कधी झाला नाही. होऊ दिला नाही. तो राग माझ्या पोटात अजून आहे. सुनेच्या कलेच्या भानगडीत मी जी पडले, ती शेवटी त्याच रागापाशी येऊन थांबली.

बाजाराची रीत अशी, की भाव तोंडाने बोलायचा नाही. दलाल खांद्यावरचा रुमाल काढतो, गिऱ्हाइकाचा हात हातात घेतो आणि दोन्ही हातांवर रुमाल टाकतो. रुमालाखाली बोटं दाबायची. एक बोट म्हणजे एक, पूर्ण पंजा म्हणजे पाच. ते शेकडे की हजार, हे समोरच्या जनावराकडे बघून समजून घ्यायचं. वर दोघांचे चेहरे असे, की जणू दोघेही दुसऱ्याच कुणाच्या लग्नाला आलेत. भोवती कितीही माणसं उभी असोत, भाव दोघांतच राहतो. आता परक्या बाईचा हात रुमालाखाली धरायचा कोणी? कोणीच नाही. बाईने भाव तोंडाने सांगायचा.

एक म्हैस होती. पहिलारू, पहिल्याच वेताची. तिचं एक शिंग वर आणि एक खाली, वाट विचारणाऱ्याला दोन्हीकडे पाठवणाऱ्या माणसासारखी. शिंगांमुळे लोक तिला हसत होते, म्हणून मी खूश होते. कास मात्र अशी, की मी सकाळपासून तिच्याजवळून हलले नव्हते. दलाल होता नाना. साऱ्या बाजाराचा नाना. मी त्याच्यापुढे हात केला. म्हटलं, "नाना, रुमाल टाका."

नाना हसला. "बाई, तू तोंडघाई सांग."

मी तोंडाने सांगितलं. बाजारातल्या शेळ्यांनीही माझा भाव ऐकला. माझ्यामागे उभ्या असलेल्या माणसाने मिशीवरून हात फिरवला, तोच हात नानाच्या रुमालाखाली घातला आणि माझ्यापेक्षा एक बोट जास्त दाबलं. म्हैस गेली.

त्यानंतर मी माझ्या दिराला सोबत न्यायला लागले. जनावर मी निवडायचं, रुमालाखाली हात त्याचा. तो गावभर सांगायचा, "वहिनीचा हात मी शे." वहिनीला स्वतःचे दोन हात होते. चांगले धडधाकट, रोज दोन वेळ धारा काढणारे. पण ते कुणाला सांगणार?

तर सून. ती मला पहिल्यांदा प्रदर्शनाला घेऊन गेली ते मुलाने यायला नाही म्हटलं म्हणून, आणि मी गेले ते गाडीत बसायला मिळतं म्हणून. जळगावात एका हॉलमध्ये केळीचे खांब छताला उलटे टांगले होते. बाकी काही नाही. हॉलभर उलटे खांब आणि खाली चिकाचे काळे डाग. मी म्हटलं, "ह्यासाठी इतक्या लांब आलो? चोपड्याच्या रस्त्याला उतरलो असतो तर सुलटे दिसले असते."

सून म्हणाली, "आई, पाच मिनिटं खाली उभ्या राहा."

राहिले. वास आला. केळी कापून नेल्यावर शेतात जो वास राहतो, तो. शेतात तो वास कुणी घेत नाही, सगळ्यांची नजर घडांच्या गाडीवर असते. मी सुनेला काही बोलले नाही. बोलले असते तर तिने दर रविवारी नेलं असतं. तरी ती नेतच राहिली.

प्रत्येक वस्तूजवळ भिंतीवर एक कागद लावलेला असतो. त्यात ती वस्तू किती खोल आहे ते लिहिलेलं असतं. ते मी वाचत नाही. जनावर चांगलं असलं की विकणारा फारसा बोलत नाही, हा माझा अनुभव आहे. मी आधी वस्तूच्या मागे जाते. मागून बघितल्याशिवाय मी कधी म्हैस घेतली नाही, तर चित्र कशाला घेऊ? एका ठिकाणी तिथला मुलगा धावत आला, "मॅडम, मागे जाऊ नका." मी म्हटलं, "का? मागे काय लपवलंय?" मागे खरंच काही नव्हतं. धूळ होती.

पण अशाच एका प्रदर्शनात मला एक माणूस सापडला, जो स्वतःच सगळं मागून बघतो. फोटो काढणारा. रस्त्यावरच्या मोठमोठ्या होर्डिंगच्या फक्त पाठी त्याने टिपल्या होत्या. पुढे नेते, वाढदिवस, सोन्याची दुकानं, हसरे चेहरे. मागे बांबू, काथ्या, गंजलेले पत्रे, एका ठिकाणी सावलीला झोपलेलं कुत्रं. मी सुनेला म्हटलं, "हा माणूस बाजारात आला असता तर त्याने आम्हाला सगळ्यांना घरी बसवलं असतं." हे तिने त्याला जाऊन सांगितलं. त्याला एवढा आनंद झाला की त्याने मला चहा पाजला. चहा वाईट होता.

चोपड्याकडच्या एकाने केळीच्या खांबाचा धागा काढून दिव्याच्या टोप्या विणल्या होत्या. डिझायनर म्हणे. मी टोपी हातात घेतली, उलटी केली, ताणून पाहिली, नाक मुरडलं, परत ठेवली, दाराकडे निघाले. तो मागे आला नाही! बाजारात दाराकडे निघालेल्या गिऱ्हाइकामागे जो जात नाही, तो एक तर मूर्ख असतो किंवा त्याच्या मालात दम असतो. मला परत फिरावं लागलं. आयुष्यात मी परत फिरलेली ती एकच वेळ. ती टोपी माझ्या स्वयंपाकघरात आहे. पाकोळ्यांना फार आवडते.

तीन पायांची खुर्ची पाहिली. ती बसायची नव्हती, बघायची होती. मी बघितली आणि तिच्याविषयी माझं म्हणणं एवढंच, की चौथा पाय लावायला त्या माणसाला कुणी मना केलं नव्हतं. "तो मुद्दाम लावला नाही," सून म्हणाली. "ते माझ्या लक्षात आलं," मी म्हटलं, "मुद्दामपणाच दिसतोय, खुर्ची कुठे दिसतेय?" ह्यावर ती पारोळ्यापर्यंत माझ्याशी बोलली नाही.

आणि एक व्हिडिओ. तो तिने मला फोनवर पाठवला. एक बाई जुन्या गादीतला कापूस पिंजते. बस, पिंजते. कोण बाई, कुठली, माहीत नाही. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मी पाहिला. शिव्या देत देत शेवटपर्यंत पाहिला. शेवटी कापसाचा ढीग बाईपेक्षा उंच होतो आणि ती दिसेनाशी होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिला. दुधाला आलेल्या बाईलाही दाखवला. ती म्हणाली, "ह्यात काय आहे?" मी चिडले. म्हटलं, "तुला नाही कळायचं." आणि मग माझ्याच लक्षात आलं की हे वाक्य आजपर्यंत सून मला म्हणत आली होती.

मग एका रविवारी सून म्हणाली, "आई, आज लांब जायचं नाही. देवपुरातच आहे. दोंडाईच्याची एक मुलगी आहे, बाहेर शिकून आलीय. तिने गुरांच्या बाजारावर काम केलंय."

मी चांगलं लुगडं नेसले. बाजारावर कुणी काम केलंय म्हटल्यावर तपासायला जायलाच हवं.

आत गेल्यावर भिंतीवर फोटो. सगळे रुमालांचे. दोन माणसांच्या पोटांमध्ये एक रुमाल आणि रुमालाखाली उंचवटा. पांढरे, चौकड्यांचे, मळलेले, एक तर थेट आंघोळीचा टॉवेल. हात एकाही फोटोत दिसत नव्हता. पोरगी जवळ आली. तिच्या बोटांना माती लागलेली.

"हात कुठेत?" मी विचारलं.

"बघू दिले नाहीत, अक्का. वर्षभर फिरले. लांबून फोटो काढ म्हणाले. जवळ गेले की रुमाल ओढून घ्यायचे."

मी तिला पहिल्यांदा नीट पाहिलं. मला ती पोरगी तिथेच आवडली. पण तिने पुढे जे दाखवलं, त्याने माझी भूकच चाळवली.

एका लांब फळीवर भाजलेल्या मातीचे गोळे मांडले होते. मुठीएवढे. प्रत्येकावर बोटांचे खड्डे. पोरीने सांगितलं, ते असे केले: फोटोंनी तिचं समाधान होईना, तेव्हा ती दलालांच्या घरी गेली. म्हणाली, तुम्ही नुकताच केलेला एखादा खरा सौदा मला पुन्हा करून दाखवा. त्याच गिऱ्हाइकासोबत, रुमालाखालीच. मी बघणार नाही. फक्त दोघांच्या हातांमध्ये हा ओल्या मातीचा गोळा धरा. भाव ठरला की हात काढा. दलालांना मजा वाटली. चहा होता, फोटो छापून येणार होता. केले सौदे. पोरीने गोळे भाजले आणि प्रत्येकाखाली कागद लावला: बैलजोडी, अमुक गाव. दुभती म्हैस, तमुक गाव.

"मला ह्यात दोन माणसांच्या विश्वासाचा आकार दिसतो," ती म्हणाली.

मी एक गोळा उचलला. मागून पाहिला. पुढून पाहिला. खड्डे मोजले आणि खालचा कागद वाचला. मग दुसरा उचलला. तिसऱ्याला मला हसू आवरेना.

घासाघीस करताना बोटं पुन्हा पुन्हा दाबली जातात, आधीचा खड्डा पुढच्या दाबाने मोडतो. पण शेवटचा दाब मोडायला कुणी उरत नाही. मातीत शेवटचा भाव राहतो. एवढे मुरलेले दलाल, बापाला भाव न सांगणारे; वर रुमाल आहे ना, ह्या भरवशावर त्यांनी आपला भाव मातीत दाबून दिला, तिने तो भाजला आणि खाली जनावराचं नाव लिहून देवपुरात मांडला. तोंडघाई सांगितल्यासारखा!

सून मला कोपराने ढोसत होती. "आई, लोक बघताहेत. काय झालं?"

"काही नाही. कला कळली."

तेवढ्यात मला शेवटचा गोळा दिसला. दुभती म्हैस, देवपूर. देवपुरातून अलीकडे विकलेली ती एकच म्हैस मला माहीत होती, माझ्या शेजाऱ्याची. विकून आला तेव्हा तो माझ्या ओट्यावर बसून भाव सांगून रडला होता. मातीत त्याने सांगितलेल्या भावापेक्षा एक बोट जास्त होतं. म्हणजे दलालाने गिऱ्हाइकाकडून एक भाव घेतला, मालकाला दुसरा सांगितला आणि मधलं बोट स्वतःच्या खिशात घातलं.

"हा कुणाचा सौदा?" मी विचारलं.

पोरीने पुढच्या रांगेकडे बोट केलं. तिथे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, अंगावर शाल, मांडीवर नारळ, नाना बसला होता. सत्कार होऊन गेला होता. आता फार म्हातारा झालाय, हात थरथरतात, पण मान तशीच ताठ. त्याच्यासमोर एक छोटं टेबल, त्यावर मातीचा ओला गोळा आणि घडी घातलेला रुमाल. पोरगी पाहुण्यांना म्हणाली की आता कुणालाही यायचं असेल त्याने यावं, नाना सौदा करून दाखवतील. एक प्राध्यापक गेले, हसत हसत काहीतरी दाबून आले. एक कॉलेजचा मुलगा गेला. मग मी गेले आणि नानासमोरच्या खुर्चीवर बसले.

"कोन? दूधवाली बाई का?"

"हो नाना. टाका रुमाल."

नानाने पोरीकडे पाहिलं, पाहुण्यांकडे पाहिलं. "आठे? इतला लोकेसमा? बाईमाणूस..."

मी पुढे वाकले. त्याच्या कानाशी त्याच्याच बोलीत म्हटलं, "नाना, ती फळीवरनी माती मले वाचता येस. देवपूरनी म्हैस. एक बोट जास्ती शे. मोठ्याघाई वाचू का?"

नानाने फळीकडे पाहिलं. कुठे काय झालं ते त्याला लगेच कळलं. आयुष्यभर बोटांवर जगलेला माणूस. त्याने इतर गोळ्यांवरून नजर फिरवली, आपल्या साऱ्या सोबत्यांचे भाव उन्हात वाळत पडलेले पाहिले आणि "अरे देवा" असं काहीतरी पुटपुटला.

"वाचशील नही ना?"

"नाही वाचणार. हात द्या."

कुणी म्हणेल, धमकी देऊन घेतलेला हात, त्यात काय मोठं? बाजारात प्रेमाने हात कोण देतं? प्रत्येकाचं कुठे तरी अडलेलं असतं, म्हणून तर तो रुमालाखाली हात घालतो.

नानाने गोळा माझ्या हातात ठेवला, वर आपला पंजा ठेवला आणि रुमाल टाकला. त्याचा हात कोरडा होता, जुन्या दोराच्या पिळासारखा.

"कसाना सौदा? म्हैस कोठे शे?"

"जी तेव्हा दिली नाहीत ती. एक शिंग वर, एक खाली."

त्याला आठवायला वेळ लागला नाही. "ती तं मरी गयी, बाई."

"मरू द्या. भाव सांगा."

पुढचं सगळं बोटांनी. नानाने पहिला भाव दिला. इतका कमी, की मला संताप आला. म्हातारा माझ्यावर दया करत होता! मेलेली म्हैस आहे, घे बापडी, असं. मी नखाने त्याचं बोट चिमटलं. त्याच्या भुवया वर गेल्या. त्याने झटक्यात खरा भाव दाबला, त्या काळाचा, त्या म्हशीचा, एका मुरलेल्या दलालाने अडलेल्या गिऱ्हाइकाला सांगावा तसा. आता मला बरं वाटलं. मी खाली उतरवला. त्याने नाही म्हटलं. मी बोट सोडलं, पुन्हा धरलं. त्याचा हात थरथरत होता आणि थरथर कुठली नि नकार कुठला, हे ओळखायला मला जरा वेळ लागला. मग लक्षात आलं की म्हातारा थरथरीचाही फायदा घेतोय. नकाराला थरथर म्हणतोय आणि होकाराला नकार. मी मनात त्याला दाद दिली आणि चेहरा म्हशीसारखा ठेवला. हॉलमध्ये लोक खोकत होते. सुनेने फोन वर धरला होता. काढ म्हटलं मनात, रुमालाचा फोटो काढ.

शेवटी नानाने एकदा माझ्याकडे पाहिलं, मी दाबलेल्या बोटांवर आपला पंजा मिटला आणि मान हलवली. ठरला भाव.

हात काढायच्या आधी मी मूठ आवळली. धारा काढणाऱ्या हाताला माती पिळायला काय लागतं? नानाची बोटं, माझी बोटं, सगळे खड्डे एकात एक गेले. नानाच्या ते लक्षात आलं. त्याने रुमाल उचलायला मुद्दाम उशीर लावला.

"अक्का!" पोरगी ओरडली. "आकार मोडला!"

"तुझं काम आहे ना विश्वासाचं? मग हा ठेव."

ती गोळा हातात घेऊन फिरवत राहिली. तिच्या चेहऱ्यावर आधी राग होता, मग तो गेला. तिने गोळा फळीवर इतरांच्या रांगेत ठेवला आणि कागद घेऊन विचारलं, "काय लिहू?" मी म्हटलं, "लिही, म्हैस. एक शिंग वर, एक खाली." सगळे भाव विचारायला लागले, मला, नानाला. नाना नारळ सांभाळत म्हणाला, "बठ्ठ्यास्ले सांगाले मी काय येडा शे?"

सुनेने गाडीत विचारलं. मी म्हटलं, रस्त्याकडे बघ.

दुसऱ्या दिवशी मी शेजाऱ्याला म्हटलं, "चल, चित्रं बघायला. फुकट आहे." वाचणार नाही असं मी नानाला म्हटलं होतं. दाखवणार नाही असं म्हटलेलं नव्हतं. शेजाऱ्याने आपल्या म्हशीचा गोळा पाहिला, खड्डे मोजले, पुन्हा मोजले आणि चपला न घालताच नानाच्या घराकडे निघाला. मी त्याला दारातून परत बोलावलं, चपला घालायला. तेव्हा त्याची नजर रांगेतल्या माझ्या गोळ्यावर गेली. अजून ओला होता.

"हा कोनता भाव शे, अक्का?"

"बघ, वाचता येतो का."

त्याने डोकं वाकडं करून पाहिलं. एका बाजूने, दुसऱ्या बाजूने. मागे जाऊन पाहिलं.

"काहीच समजत नही."

मी म्हटलं, "मग बरोबर आहे. जा, चपला घाल."